उतरवण्याची खोली

इंदुरात मे महिन्यातल्या दुपारी दोनला पारा चाळीसच्या आसपास रेंगाळत असतो. सहा तास पीपीई किट घालून वॉर्डात उभी असलेली सिस्टर अशा वेळी दाराबाहेर येते, तेव्हा तिला एकच सुचतं: हे सगळं अंगावरून ओरबाडून काढावं. घाम पोटऱ्यांवरून ओघळून बुटात साचलेला असतो. गॉगलच्या आत धुकं, नाकाच्या हाडावर क्लिपचा लाल वळ, आणि पाण्याचा शेवटचा घोट सकाळी सातचा. आत रोग्याच्या उशाशी ती जपून वागत होती. तिथे भीतीच माणसाला शहाणं ठेवते. आता वॉर्ड मागे पडला, खांदे सैल झाले, हात आपसूक कपाळाकडे निघाला. धोका आहे तो याच मिनिटात.

साथीत रुग्णालयातली माणसं वाचवायची म्हटलं की बोलणं किटच्या आकड्यांवर येतं. किती आले, किती लागतील, कुठे अडकले. टंचाई खरी होती, २०२० मध्ये कोविडच्या उन्हाळ्यात ती सगळ्यांनी पाहिली. पण किट चढवणं हे अर्धंच काम आहे. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत जगभर ८,०९६ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातला सुमारे पाचवा हिस्सा आरोग्यसेवकांचा होता. त्यांतल्या सगळ्यांकडेच साधनं नव्हती असं नाही. साधन अंगावर असताना आणि विशेषतः अंगावरून उतरताना हात कुठे गेले, हा प्रश्न उरतोच.

रामबाग, नारायण बाग भागातल्या जुन्या मराठी घरांमधल्या एखाद्या आजींना डॉफिंगचा, म्हणजे किट उतरवण्याचा नियम शिकवायला पाच मिनिटं पुरली असती. दोरीवर उंच वाळत घातलेलं सोवळं काठीनेच खाली घ्यायचं, वाटेत कशाला शिवायचं नाही, शिवलं की गेलं, पुन्हा आंघोळ. कुठलं स्वच्छ, कुठलं नाही, आणि कुठल्या हाताने काय धरायचं याचा हा आराखडा अशा घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ होता. फरक मात्र मोठा आहे आणि तो सांगितल्याशिवाय ही तुलना पुढे नेऊ नये. त्या सोवळ्यात विटाळ माणसाला चिकटवलेला होता. इथे तो ग्लोव्हजच्या बाहेरच्या बाजूला असतो आणि साबणाने जातो.

तर किट उतरवण्याची ती खोली. आदर्श म्हणजे तिला दोन दारं हवीत: वॉर्डाकडून आत येण्याचं एक, बाहेर जाण्याचं दुसरं. जुन्या इमारतीत दोन दारं मिळत नाहीत, मग जमिनीवर रंगीत पट्टी मारून एकाच खोलीचे दोन भाग करतात. चालतं, पण त्याच खोलीत किट चढवण्याची सोयही लावली की चालत नाही. चढवणाऱ्याचे स्वच्छ हात आणि उतरवणाऱ्याची मळकी बाही एकमेकांना घासतात. खोलीत एक पूर्ण उंचीचा आरसा, पुसता येईल असं स्टूल, कोपराने दाबायची सॅनिटायझरची बाटली, पायाने उघडणारे दोन डबे (एकात पिवळी पिशवी, एकात लाल), आणि शक्यतो बेसिन. डब्याचं झाकण हाताने उघडावं लागत असेल तर बाकी सगळा खर्च वाया गेला म्हणा. भिंतीवर खुंटी नको. खुंटी असली की तिच्यावर कुणीतरी ‘तासाभराने परत घालू’ म्हणून गाऊन अडकवतोच.

क्रम प्रत्येक ठिकाणी थोडा इकडेतिकडे असतो, तत्त्व एक: जास्त मळलेलं आधी, तोंडाजवळचं सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक पायरीनंतर हातांना सॅनिटायझर. दुहेरी ग्लोव्हज असतील तर आधी वरच्या ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळायचं. मग बुटांची आवरणं, स्टुलावर बसून. एका पायावर उभं राहून तोल सांभाळायला भिंत धरली की ती भिंत आता रोग्याचीच. मग वरचे ग्लोव्हज. एका हाताने दुसऱ्या मनगटाजवळ बाहेरूनच चिमूट धरायची, उलटं करत सोलायचं, निघालेला ग्लोव्ह ग्लोव्ह घातलेल्या मुठीत ठेवायचा. मग मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या आतून सरकवून तो पहिल्यावर उलटा ओढायचा. दोन्हींची एक पुडी होते. मग किट: चेन वरून खाली, टोपीचा भाग मागे, खांद्यांवरून सोडवत आतली बाजू बाहेर येईल अशी गुंडाळत कमरेखाली, मग पायांतून. बाहेरची बाजू गुंडाळीच्या पोटात गेली पाहिजे, पोळीत पुरण जातं तशी. यात झटकणं नाही, हिसकणं नाही. चेन ओढताना हनुवटी वर ठेवायची, नाहीतर बोटं थेट गळ्याला लागतात.

मग शील्ड किंवा गॉगल. डोळे मिटून, मान किंचित पुढे वाकवून, मागच्या पट्ट्याला धरून वर आणि पुढे. समोरची काच ही रोग्याच्या खोकल्याची पाटी आहे, तिला हात लावायचा नाही. मास्क शेवटी, आणि तोही रोग्याच्या खोलीबाहेर, दार लावून घेतल्यावर. पुन्हा मान पुढे. खालचा पट्टा आधी डोक्यावरून पुढे आणायचा, मग वरचा, आणि पट्ट्यांनाच धरून मास्क तोंडापासून लांब न्यायचा. उलट केलं, वरचा आधी काढला, तर मास्क खालच्या पट्ट्यावर गळ्याशी लोंबतो आणि माणूस तो पकडायला हात पुढे करतो. शेवटी आतले ग्लोव्हज, मग साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद हात. घाई न करता या सगळ्याला दहाएक मिनिटं जातात. शिफ्ट संपल्यावरची दहा मिनिटं फार लांब असतात.

म्हणून समोर दुसरं माणूस हवं. हात लावायला नको, बोलायला. ‘ताई, थांबा. सॅनिटायझर घ्या. हां, आता चेन.’ पायऱ्या एकेक करून मोठ्याने वाचणारा हा मदतनीस मोठ्या हुद्द्याचा असण्याची गरज नाही, पण त्याने ‘थांबा’ म्हटलं की प्रोफेसरनेही थांबलं पाहिजे. आपल्याकडे अडतं ते इथेच. वॉर्डबॉयने सिनियर डॉक्टरला ‘सर, हात लागला’ असं म्हणायची सवय आपल्या रुग्णालयांना नाही. पोस्टर छापून ती लागत नाही. विभागप्रमुखाने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर आपली चूक दाखवून घेतली तर लागते.

चढवण्याबद्दल थोडक्यात. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या बाहेर. नव्या लग्नाच्या मुलीला हिरवा चुडा काढायला सांगणं जड जातं, पण काचेची एक कड ग्लोव्ह आतून फाडते आणि ते कळतही नाही. मंगळसूत्र गाऊनच्या आत लोंबतं आणि वाकलं की बाहेर येतं, ते घरीच बरं. वेणी टोपीत. किट घातल्यावर आत जाण्यापूर्वी एकदा उकिडवं बसून बघायचं: आखूड किट पाठीवर किंवा दोन पायांमध्ये फाटतं, ते बाहेरच फाटलेलं बरं. शिवणी उजेडापुढे धरायच्या. कापड कितीही चांगलं असलं तरी शिलाईच्या सुईची भोकं राहतातच, त्यावर पट्टी चिकटवलेली नसेल तर तो नुसता रेनकोट आहे. लघवी करून, पाणी पिऊन आत जायचं. आणि ग्लोव्हज गाऊनच्या बाहीच्या वर, बाही ग्लोव्हजच्या वर नाही.

मास्कबद्दल मात्र थोडक्यात सांगता येत नाही.

१९१०-११ मध्ये चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात फुफ्फुसांचा प्लेग पसरला तेव्हा वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरने गॉज आणि कापसाचा थरांचा मास्क सर्वांना बांधायला लावला. हा रोग श्वासातून जातो हे त्याचं म्हणणं मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरला पटलं नाही. त्याने मास्कशिवाय रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच तो प्लेगने गेला. आजचा एन-९५ त्या कापसाच्या पट्टीचाच वंशज, पण त्याचं काम वेगळ्या रीतीने चालतं. मधला थर पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वितळवून काढलेल्या अतिशय बारीक तंतूंचा असतो आणि त्या तंतूंवर कायमचा विद्युतभार चढवलेला असतो. मोठे कण वळणावर तंतूला आपटतात. अगदी लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत तंतूला जाऊन चिकटतात. मधल्या मापाचे, ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कण सगळ्यात लबाड: आपटण्याइतके जड नाहीत, भरकटण्याइतके हलके नाहीत. मास्कची परीक्षा त्यांच्यावरच घेतात आणि तिथे किमान ९५ टक्के अडले तरच तो एन-९५. ‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मग तो ०.३ च्या जाळीतून जाईलच की’ हा प्रश्न व्हॉट्सॲपवर वर्षभर फिरला. ही चाळणी नाही, हे उत्तर मात्र फारसं फिरलं नाही.

याच विद्युतभारामुळे मास्क धुवायचा नसतो, आणि त्याच्यावर स्पिरिट तर मारायचंच नसतं. साबण आणि अल्कोहोल दोन्ही तो भार घालवतात. धुतलेला एन-९५ दिसायला तसाच दिसतो, कामाला साधं कापड. टंचाईत पुन्हा वापरणं अटळ झालं तेव्हा पाच मास्क आणि पाच कागदी पिशव्यांची पद्धत बरी होती: पिशवीवर नाव आणि तारीख, आज वापरलेला आजच्या पिशवीत, पुन्हा त्याची पाळी सहाव्या दिवशी. मधल्या काळात मास्क वाळतो आणि विषाणू निकामी होतो. पिशवी कागदाचीच का? प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. भिजलेला, डाग पडलेला, पट्टा सैल झालेला किंवा श्वास घ्यायला जड जाणारा मास्क मात्र पिशवीत ठेवायचा नाही, टाकायचा.

एवढं सगळं कापडाचं. मास्क फसतो तो कापडात कमी, कडेला जास्त. ढोबळ हिशेब करू. मास्कची जाळी ९५ टक्के अडवते, पण गालाशी फट राहिली आणि एकूण हवेचा पाचवा हिस्सा तिथून आत आला, तर त्या २० टक्के हवेला जाळीच लागली नाही. उरलेल्या ८० तून ४ गळाले. म्हणजे २४ टक्के कण आत, आणि ९५ चा मास्क ७६ चा झाला. दाढी, गालावर आलेली टोपीची कड, कानामागे अडकवायच्या ढिल्या पट्ट्या, हे सगळे त्या फटीचे मित्र. सर्वात दुःख होतं ते आधी सर्जिकल मास्क आणि त्यावर एन-९५ घातलेला पाहिला की. त्या माणसाने दुप्पट काळजी घ्यायला जाऊन होती तीही घालवलेली असते. आतला मास्क कडेला उभा राहून फट धरून ठेवतो.

घालायचा कसा: वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालचा कानांच्या खाली मानेवर, दोन्हींची फुली होऊ द्यायची नाही. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेरच्या दिशेने दाबत न्यायची. एका हाताच्या चिमटीने दाबली तर मध्ये टोक येतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नळ्या तयार होतात. मग दोन्ही तळवे मास्कभोवती धरून जोरात श्वास सोडायचा, डोळ्यांकडे वारा लागला तर नाकाशी गळती. जोरात आत ओढायचा, मास्क किंचित आत खेचला गेला पाहिजे. हे प्रत्येक वेळी करायचं. गॉगलवर धुकं चढणं ही बहुतेक वेळा गॉगलची तक्रार नसते, नाकाशी सुटलेल्या मास्कची चुगली असते. काचेला साबण चोळून धुकं घालवता येतं, पण ती चुगली आधी ऐकावी.

तरी ही तपासणी म्हणजे फिट टेस्ट, म्हणजे हा मास्क या चेहऱ्याला बसतो का याची रीतसर परीक्षा, नव्हे. फिट टेस्ट वर्षातून एकदा, आणि मास्कचं मॉडेल बदललं की पुन्हा. आधी पंधरा मिनिटं पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालून आत सॅकरिनचा फवारा मारतात. सुरुवातीला मास्कशिवाय, त्या माणसाला गोड कळतं की नाही आणि किती फवाऱ्यांत, हे पाहायला. मग मास्क लावून तेच, एकेक मिनिट: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, कमरेत वाकणं, पुन्हा साधा श्वास. तोंडात गोड लागलं तर नापास. सकाळच्या पोह्यांशेजारी जिलबी ठेवणाऱ्या या शहरात गोड लागल्यावर चेहरा पडण्याची ही एकच वेळ. यात लहान चेहऱ्याच्या सिस्टर बऱ्याचदा नापास होतात. चूक त्यांची नसते. मास्क ज्या चेहऱ्यांच्या मापाने काढलेले असतात ते चेहरे त्यांचे नाहीत. खरेदी करणाऱ्याने एकाच मापाच्या दहा हजार मास्कवर सही करण्याआधी हे लक्षात घेतलं तर पुढचं बरंच वाचतं.

मास्कवर इतकं बोलल्यावर हे कबूल केलं पाहिजे की तो संरक्षणाच्या यादीत शेवटी येतो. त्याच्या आधी येते हवा. हवा वाईट असेल तर मास्कला दिवसभर एकट्याने लढावं लागतं. ५ बाय ४ मीटरची, ३ मीटर उंच खोली घ्या, ६० घनमीटर. हवेतून जाणाऱ्या रोगासाठी अशा खोलीत तासाला १२ वेळा हवा बदलावी असा दंडक आहे, म्हणजे ताशी ७२० घनमीटर. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप आणि धूळ बसली की तो बराच घसरतो, म्हणून मोठाच घ्यावा. तासाला १२ बदल असतील तर तरंगते कण ९९ टक्के जायला २३ मिनिटं लागतात, ६ असतील तर ४६, आणि २ असतील तर १३८. रोग्याला हलवल्यावर खोली झाडायला किती वेळाने जायचं, याचं उत्तर या आकड्यांत आहे. सफाईवाल्याला ‘चल, पटकन’ म्हणून लगेच आत पाठवणाऱ्याने हे आकडे पाहिलेले नसतात.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच थंड करून पुन्हा तोंडावर मारतो. खिडक्या बंद करून एसी लावलेला वॉर्ड सुखाचा असतो आणि वाईट असतो. आपल्याकडचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बाहेरची हवा आणतो, हे चांगलं. पण खिडकीत बसवलेला कूलर खोलीत हवा ठासून भरतो आणि मग ती दाराच्या फटीतून पॅसेजमध्ये निघते, जिथे टेबलाशी बसून सिस्टर केसपेपर लिहीत असतात. कूलर लावायचा तर समोरच्या भिंतीतला एक्झॉस्ट त्याच्याहून जोरदार हवा. पाहायचं कसं, तर उदबत्ती. दार लावून पॅसेजच्या बाजूने खालच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीच्या दाराशी मात्र नाही, तिथे टिश्यू पेपरची पट्टी. धूर आत ओढला गेला तर खोली आपल्या बाजूने आहे. बाहेर आला तर टेबल हलवा, आणि आजच हलवा. उंच छत आणि समोरासमोर खिडक्या असलेले जुने वॉर्ड साथीत नव्या बंद इमारतींपेक्षा दयाळू ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा नैसर्गिक वायुविजनाचा आकडा अशा खोल्यांसाठी दर रुग्णामागे सेकंदाला १६० लिटर आहे. तो गाठायचा तर खिडकी ‘उघडी आहे’ एवढ्याने भागत नाही, समोरचीही उघडी लागते.

रोग्याच्या श्वासातले कण हवेत सगळ्यात जास्त उडतात ते काही कामांत. श्वासनळीत ट्यूब टाकणं, सक्शन (नळीने कफ ओढणं), ट्यूब काढणं, छातीवर दाब देणं, या वेळी खोलीत कमीत कमी माणसं आणि ट्यूब टाकणारा सगळ्यात सरावलेला. शिकाऊ डॉक्टरची ती संधी नव्हे. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि तिच्या मास्कच्या मध्ये फिल्टर, सक्शन बंद पद्धतीचं, व्हेंटिलेटरची नळी सोडवण्याआधी ट्यूबला चिमटा. औषधाची वाफ देणाऱ्या नेब्युलायझरऐवजी स्पेसर (तोंड आणि पंपामधली पोकळ नळी) लावून पंप.

आता हायपो. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाला सगळं रुग्णालय याच नावाने हाक मारतं आणि सगळ्यात जास्त चुका याच्याच बादलीत होतात. लागतो १ टक्क्याचा द्राव. कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी. १० टक्के असेल तर एकास नऊ. दहा लिटरची बादली असेल तर पाच टक्क्यांचा दोन लिटर आणि पाणी आठ लिटर. पाणी आधी, गार, मग हायपो, म्हणजे तोंडावर उडत नाही. पण हे गणित कॅनवरचा आकडा खरा असेल तर. मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवलेला पाच टक्क्यांचा कॅन काही आठवड्यांत पाच टक्क्यांचा राहत नाही. वास तेवढाच येतो. वासावरून जोर ओळखता येत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. रोज ताजा द्राव, झाकलेली अपारदर्शक बादली, बादलीवर वेळ लिहिलेली चिकटपट्टी. पट्टी नाही म्हणजे ती बादली कालची, असं धरून ओतून द्यावी.

आणि घाणीवर हायपो टाकला तर तो घाणीतच खर्ची पडतो. आधी साबणपाणी, मग हायपो, मग तो दहा मिनिटं ओला राहू द्यायचा. बहुतेक ठिकाणी मागोमाग कोरडं फडकं फिरतं आणि दहा मिनिटांची दहा सेकंदं होतात. रक्त सांडलं तर आधी शोषणारा कागद किंवा कापड झाकायचं, वर हायपो, दहा मिनिटांनी कडेकडून मध्याकडे गोळा करत उचलायचं. स्टीलचं सामान हायपोने गंजतं, त्याला ७० टक्के अल्कोहोल. संडासात ॲसिड ओतल्यावर वरून हायपो ओतू नये, क्लोरीन वायू सुटतो. साथीच्या वॉर्डात सफाईवाला खोकत बाहेर आला की सगळे त्याच्यापासून लांब पळतात. कधी कधी त्याला फक्त मोकळी हवा हवी असते. आणि माणसांवर फवारे? १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते करू नका म्हणून पत्रक काढलं. त्यानंतरही काही दारांवर ते फवाऱ्यांचे बोगदे उभे होते. दिसतं ते संरक्षण लोकांना आवडतं.

सॅनिटायझर संपलं तर रुग्णालयाच्या फार्मसीत बनवता येतं. दहा लिटरला ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५, आणि उकळून गार केलेलं पाणी दहा लिटर भरेपर्यंत. बाटल्यांत भरून ७२ तास ठेवायचं, कारण पेरॉक्साइड तेवढ्यात बाटलीतले जंतूंचे बीजाणू मारतं. ग्लिसरॉल फक्त कातडीसाठी आहे. जास्त घातलं की हात चिकट होतात आणि मग लोक सॅनिटायझर लावणंच टाळतात.

एवढं सगळं सांभाळून माणूस उतरवण्याच्या खोलीतून सुखरूप बाहेर येतो आणि चहाच्या खोलीत जातो. आठ बाय दहा फुटांची, खिडकी नसलेली, एका टेबलाभोवती सहा जण, मध्ये शेवेचं पाकीट, सगळ्यांचे मास्क हनुवटीखाली. समोर रोगी नाही, आपलीच माणसं आहेत. रुग्णालयांत संसर्ग सहकाऱ्याकडून सहकाऱ्याला गेल्याचं साथीत वारंवार दिसलं, त्यात आश्चर्य काही नाही. उपाय कंटाळवाणा आहे. चहाच्या पाळ्या लावणे, खोलीत एका वेळी दोघं, दोन मीटर अंतर, शक्य तर व्हरांड्यात, खाऊन झाल्यावर बोलायचं ते मास्क लावून. इंदूरकराला चहावर गप्प बसायला सांगणं हा नियम मोडण्यासाठीच केला आहे असं वाटेल, पण व्हरांडा दिला तर तो निम्मा तरी पाळला जातो.

घशात खवखव असताना ड्युटीवर येणारा माणूस बेफिकीर असतोच असं नाही. ठेक्यावरच्या वॉर्डबॉयला एक दिवस घरी राहिलं की एक दिवसाचा पगार जातो. त्याचा ताप मोजणारं यंत्र दारात बसवून उपयोग नाही, तो पॅरासिटामॉल घेऊन येतो. पगारी रजा हे किटइतकंच संरक्षणाचं साधन आहे, फक्त ते खरेदी विभागाच्या यादीत नसतं.

इथून सफाई कामगाराकडे येणं ओघाचं आहे. मास्क वाटपाची यादी काढली की आधी डॉक्टर, मग नर्स, मग तंत्रज्ञ, आणि तळाशी उरलंसुरलं त्याला. पण आयसोलेशनच्या खोलीत फरशी, संडास, कचरा हाताळणारा तोच, आणि फिट टेस्टला बहुधा तोच बोलावलेला नसतो.

इंदूरला या बाबतीत एक जुनी आठवण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस याला शहर सुधारायला बोलावलं. त्याचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. शहरात प्लेग होता आणि लोक नगररचनेचं नाव काढलं की घर पाडतील या भीतीने त्याच्याकडे संशयाने बघत. गेडिसने महाराजांकडून एक दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दिवाळीत मिरवणूक काढली. तिच्यात कचऱ्याचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता, जो शेवटी जाळला. आणि तिच्यात शहरातले सफाई कामगार होते, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलांनी सजवलेले झाडू घेऊन. २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या यादीत वर राहणाऱ्या या शहराने त्या मिरवणुकीचं चित्र कुठल्यातरी रुग्णालयाच्या स्टोअररूममध्ये लावायला हरकत नाही, मास्कच्या खोक्यांसमोर. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली सुई एका सफाई कर्मचाऱ्याला टोचली, आणि वाटपाची ती यादी एका दिवसापुरती उलटी झाली.

उतरवण्याच्या खोलीतले डबे शेवटी सफाई कामगारालाच रिकामे करायचे असतात. मास्क, टोप्या, बुटांची आवरणं आणि कापडी गाऊन पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकचं किट, ग्लोव्हज, गॉगल, शील्ड लाल पिशवीत, आणि कुठल्याच पिशवीत सुई नाही अशी आशा. पिशवी तीन-चतुर्थांश भरली की बांधायची, त्याहून जास्त भरू द्यायची नाही. बांधताना ती दाबायची नाही. मावत नाही म्हणून वरून तळवा दाबला की आतली सगळी हवा एका फुत्कारात वर येते आणि ती सरळ बांधणाऱ्याच्या तोंडावर. आपली मान बाजूला, पिशवीचं तोंड पिळून वळवायचं, मानेसारखं दुमडून बांधायचं, दुसऱ्या पिशवीत घालायचं, लेबल, ट्रॉली. मग त्याला स्वतःचं किट उतरवायचं असतं. बऱ्याच ठिकाणी ते जिन्याखाली, बोअरच्या नळापाशी उतरतं. तिथे आरसा नसतो, आणि ‘भैया, थांब, आधी हात’ म्हणायला समोर कुणी नसतं.